पीटर वॉन यांच्या मालिका : काही महिने बघितल्यानंतर

आधीच सांगते, पैसे वसूल. पीटर वॉन (1923–2016) यांच्या जुन्या ब्रिटिश मालिकांच्या डीव्हीडी पावसाळ्यात मागवल्या; दिवाळी उलटली तरी बघणं चालूच आहे. नाव ओळखीचं वाटणार नाही, पण 'गेम ऑफ थ्रोन्स'मधले आंधळे मेस्टर एमॉन म्हटलं की चेहरा आठवेल.

सुरुवात 'पॉरिज'पासून करा. बीबीसीची 1974 ते 1977 मधली तुरुंगातली विनोदी मालिका. त्यातला हॅरी ग्राउट हा कैदीच, पण तुरुंगाचा खरा मालक. वॉन मालिकेत फक्त तीन भागांत दिसतात, तरी इतर भाग बघतानाही ग्राउट कुठेतरी बसलाय असं वाटत राहतं. आवाज चढवत नाही. कोठडीत ऐसपैस बसून मालिकेचा नायक असलेल्या फ्लेचर या कैद्याची प्रेमाने विचारपूस करतो आणि बोलणं संपेपर्यंत काम फ्लेचरच्या गळ्यात पडलेलं असतं. निळू फुल्यांचा सरपंच पाहिलेल्यांना हळू आवाजातली दहशत समजावून सांगायला नको.

मग 1996ची 'अवर फ्रेंड्स इन द नॉर्थ'. नऊ भाग, न्यूकॅसलच्या चार मित्रांची 1964 ते 1995 पर्यंतची गोष्ट. वॉन हे त्यांतल्या निकीचे वडील फेलिक्स : 1936च्या जॅरो मोर्चात (बेरोजगारांच्या लंडनपर्यंतच्या पायी मोर्चात) चाललेले, नंतर राजकारणावरचा विश्वासच उडालेले आणि शेवटी अल्झायमरने घेरलेले. मुलाला बापाकडून दाद हवी असते आणि बाप दिवसेंदिवस हातातून निसटत जातो. घरात कुणाला हा आजार असेल तर बेताने बघा. माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम हेच.

सिनेमा असला तरी 'द रिमेन्स ऑफ द डे' (1993) सोडू नका. म्हातारा बटलर (वॉन) बागेत हातातल्या ट्रेसकट फरशीला अडखळून पडतो. नंतर एकटाच त्याच वाटेवर येरझाऱ्या घालतो, नजर खाली, चूक आपल्या पायांची नाही, दगडांचीच असल्यासारखी. मुलाच्या भूमिकेतले अँथनी हॉपकिन्स प्रत्यक्षात त्यांच्याहून 14 वर्षांनीच लहान. पडद्यावर हे एकदाही जाणवत नाही.

'सिटिझन स्मिथ'मधला तापट बाप मला फारसा रुचला नाही, दोन-तीन भाग पुरे. 'अ वॉर्निंग टु द क्युरियस' (1972) ही नॉरफकच्या किनाऱ्यावरची भूतकथा संथ आहे, पण रात्री दिवे घालवून बघितली तर अंगावर येते.

अडचणीही आहेत. डीव्हीडी कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल हे तिच्या रीजन क्रमांकावर ठरतं; ब्रिटनमधल्या डीव्हीडी रीजन 2च्या, आपल्याकडचे प्लेअर रीजन 5चे. त्यामुळे सगळे रीजन चालवणारा प्लेअर लागतो. न्यूकॅसलची बोली कानाला जड जाते, म्हणून सबटायटल्स आहेत का हे मागवण्याआधीच बघा.

एमॉनचं काम सुरू झालं तेव्हा वॉन 87 वर्षांचे होते आणि त्यांची स्वतःची नजरही अधू झाली होती. हे कळल्यावर ते प्रसंग मी पुन्हा लावले. चाचपडण्याचं नाटक नाही, दयेची मागणी नाही. आता 1985ची 'ब्लीक हाउस' मागवली आहे, त्यात ते टल्किंगहॉर्न वकील आहेत.