मांजराचं ऑटोमॅटिक फीडर : उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यानंतर

पहाटे चारला मांजर उठवतं म्हणून ऑटोमॅटिक फीडर, म्हणजे मांजराचं कोरडं, दाणेदार खाद्य ठरलेल्या वेळी आपोआप वाढणारं मशीन, घ्यावं का, तर माझं उत्तर आहे, घ्यावं. पण नुसतं आणून प्लगला लावलं तर काही होणार नाही. आमच्याकडे ते मार्चपासून आहे. सोलापूरचा मे महिना, पावसाळ्यातल्या मुंग्या आणि नंतरची थंडी या सगळ्यातून ते गेलंय, म्हणून आता सविस्तर लिहिते.

आमची मांजर शेंगी. भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाची, नसबंदीचं ऑपरेशन झालेली, वजन ४ किलोच्या आसपास. आमचं मेडिकल रात्री साडेदहाला बंद होतं, जुळे सोलापूरला घरी येऊन आवरून झोपायला बारा वाजतात. आणि ही सव्वाचारला उशाशी हजर. आधी हाका, मग नखं आत घेऊन गालावर पंजा, तरी उठलं नाही तर टेबलावरच्या वस्तू एकेक करून खाली. चष्मा, रिमोट, मोबाइल, याच क्रमाने.

यात तिचा दोष नाही. मांजराची शिकारीची वेळच मुळी पहाटेची आणि तिन्हीसांजेची. पोट लहान, त्यामुळे दिवसभरात थोडं थोडं बऱ्याचदा खाणं हा त्याचा स्वभाव. रात्री आठला जेवलेल्या मांजराला चारला भूक लागणारच. त्यात आमच्या भागात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि बऱ्याचदा पहाटेच येतं. पाण्याच्या दिवशी घर चारलाच जागं. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, मोटार लावता लावता तिला दूध-भाकरी कुस्करून द्यायच्या. म्हणजे चारला उठवलं की कधीकधी खायला मिळतं हे तिला पक्कं ठाऊक झालं होतं. रोज मिळणाऱ्या बक्षिसापेक्षा अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं. त्यामुळे पाण्याचा दिवस नसला तरी ती तेवढ्याच जोमाने प्रयत्न करायची.

फीडर घेतलं ते साधं, टायमरचं. ४ लिटरची टाकी, खाली रबरी पात्यांचं चाक, ठरलेल्या वेळी ते फिरतं आणि घसरगुंडीवरून दाणे स्टीलच्या वाटीत पडतात. अॅडॅप्टरवर चालतं आणि वीज गेली तर मोठ्या आकाराच्या तीन सेलवर. सेलचा हा कप्पा आहे ना, ते बघूनच घ्या. एप्रिल-मेमध्ये वळवाचं वारं सुटलं की वीज जाते. तेव्हा सेल नसतील तर मशीन वेळ विसरतं आणि पहाटेचं जेवण चुकतं. मोबाइल अॅपवालं घेणार असाल तर वायफाय बंद असतानाही ठरलेल्या वेळी दाणे पडतात का, हे विकत घेण्याआधी विचारा. वीज गेली की राउटरही जातो.

आता खरी गोष्ट. मशीनचं काम खायला घालणं एवढंच नाही. जेवण माणसाकडून येत नाही, त्या डब्यातून येतं, हे मांजराला कळणं महत्त्वाचं. ते कळलं की ती तुमच्या उशाशी येत नाही, डब्यापाशी जाऊन बसते. म्हणून आम्ही सकाळचं खाणं हाताने देणं पूर्ण थांबवलं, घरातल्या प्रत्येकाने. आत्यांना हे अवघड गेलं. "लेकरू दारात ओरडतंय, दे की गं थोडं," असं त्या म्हणायच्या आणि मला त्यांचं मन कळत होतं. शेवटी दूध बंद करून संध्याकाळी उकडलेल्या चिकनचे दोन तुकडे त्यांनी स्वतःच्या हाताने द्यायचे, असं ठरलं. मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचतच नाही आणि मांजर पक्कं मांसाहारी, ज्वारीच्या भाकरीवर त्याचं भागत नाही. संध्याकाळची ही वेळ आत्यांनी आजवर चुकवलेली नाही.

पहिली वेळ लावली पहाटे चारची, म्हणजे तिच्या ओरडण्याच्या आधीची. दाणे ओरडल्यानंतर पडले तर ओरडल्यामुळे पडले असंच तिला वाटणार, म्हणून आधी. मग ती डब्यापाशी रुळल्यावर दर तीन-चार दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं पुढे. घाई केली नाही. आता पहाटेची वेळ पावणेसहा आहे. शिवाय रात्री दुकानातून आल्यावर दोरीला बांधलेल्या चिंधीमागे तिला चांगलं पळवायचं आणि त्यानंतर साडेअकराचं जेवण पडू द्यायचं. पळणं, पकडणं, खाणं, अंग चाटणं, झोप, हा तिचा स्वाभाविक क्रम आहे. मला विचाराल तर निम्मा गुण या रात्रीच्या जेवणाचा.

मध्ये काही दिवस फार कठीण जातात, त्याची मनाची तयारी ठेवा. जुनी युक्ती चालेनाशी झाली की मांजर आधी ती दुप्पट जोराने करून बघतं. शेंगीने त्या दिवसांत दाराची कडी खडखडवली, पडदा ओढला. त्या वेळी उठायचं नाही, रागवायचं नाही, नावही घ्यायचं नाही. रागावणं हेसुद्धा तिच्या लेखी लक्ष देणंच. इथे एकदा उठलात तर इतकं ओरडलं की जमतं, एवढंच ती शिकेल.

मशीनमध्ये स्वतःच्या आवाजात हाक रेकॉर्ड करायची सोय आहे. जाहिरातीत ती फार गोड वाटते, पण आम्ही ती बंद ठेवली. पहाटे माझा आवाज आला तर ती मलाच शोधत येणार. चाक फिरल्याची घरघर आणि वाटीत दाणे पडल्याचा खणखणाट, एवढी खूण तिला पुरते. गाढ झोपेतूनही कान आधी वळतात, मग ती.

एका फेरीत किती दाणे पडतात ते वजनकाट्यावर मोजूनच घ्या. पाकीट बदललं की दाण्याचा आकार बदलतो आणि मापही. कोरड्या खाद्यात १०० ग्रॅमला साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात, बऱ्याचदा पाकिटावर लिहिलेलं असतं. शेंगीसारख्या मांजराला दिवसाला २०० च्या आसपास लागतात, म्हणजे पन्नासेक ग्रॅम झाले. तेवढेच पाच वेळांत विभागायचे. नवीन जेवण वाढवलं नाही, आहे तेच वाटून दिलं, म्हणून वजन वाढलेलं नाही.

त्रास कसले झाले तेही सांगते. मे महिन्यात टाकी भरून ठेवली तर दाण्यातलं तेल खवट होतं आणि मांजर तोंड फिरवतं. आठवड्यापुरतंच भरा, बाकी पाकीट घट्ट बंद करून गार जागी ठेवा. पावसाळ्यात दाणे सादळून चाकाला चिकटले आणि एका पहाटे अर्धंच माप पडलं. तेव्हापासून झाकणातली सिलिका जेलची पुडी वेळेवर बदलते आणि चाक काढून कोरड्या फडक्याने पुसते. लाल मुंग्या तर वायरवरून चालत आल्या. मशीन पाण्याच्या परातीतल्या उंच स्टुलावर होतं, तरी वायर त्यांचा पूल झाली. वायरच्या वरच्या टोकाला, मांजराचं तोंड पोचणार नाही तिथे, व्हॅसलीनचा पट्टा लावला आणि प्रश्न मिटला. शेंगी घसरगुंडीत हात घालून दाणे उकरायची, मशीन हलवून बघायची. आता ते भिंत आणि ज्वारीच्या पिठाचा मोठा डबा यांच्या मध्ये घट्ट बसवलंय.

कोरडं खाणं वाढलं की पाणी जास्त लागतं. जेवणापासून लांब दोन मातीची भांडी ठेवली, उन्हाळ्यात दोनदा बदलते. बोका असेल तर याकडे जास्तच लक्ष द्या, त्यांची लघवीची वाट अरुंद असते, अडली तर जिवावर बेततं. ओलं खाद्य या मशीनला चालत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात ते बाहेर ठेवूही नये. घरात दोन मांजरं असतील तर एका वाटीवर दांडगं मांजर दुसऱ्याचं खाऊन टाकेल.

आणि एक. म्हातारं मांजर अचानक जास्त खायला मागू लागलं, खाऊनही बारीक होत चाललं, तर फीडर मागवू नका, आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे न्या. जंत, थायरॉइड, मधुमेह यातलं काही असू शकतं. लहान पिल्लांनाही वेळेचं बंधन नको, त्यांना खरोखरच वरचेवर लागतं.

पाण्याच्या दिवशी अजूनही घर चारला उठतं. शेंगी येते, मोटारीचा आवाज ऐकते, आत्यांच्या पायात एकदा घुटमळते आणि डब्यापाशी जाऊन बसते. पावणेसहाच्या आधी कोणी काही देत नाही.