१८ लिटरचं गेमिंग कॅबिनेट, समुद्रकाठी नऊ महिने

ऑक्टोबरच्या उकाड्यात जोडलेलं हे मशीन आता जुलैच्या झडीतही चालू आहे. रोज सरासरी तीन तास गेमिंग, सुट्टीच्या दिवशी त्याहून जास्त. जागा रत्नागिरी, समुद्र चालत दहा मिनिटांवर, जांभ्याचं घर, वर कौलं. उन्हाळा या मशीनने आरामात काढला. घाम फुटला तो पावसात, आणि त्याचा उष्णतेशी संबंध नव्हता. छोट्या पीसीबद्दल वाचायला मिळतं त्यातलं बहुतेक कोरड्या हवेच्या गावांत लिहिलेलं असतं. 'जितकं थंड तितकं चांगलं' हे तिथे बरोबर आहे. इथे वर्षातले चार महिने तेच गणित उलटं मांडावं लागतं.

आधी सामान. रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मापाचा बोर्ड (१७० बाय १७० मिमी), ३२ जीबी डीडीआर५-६००० रॅम, एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी, आरटीएक्स ४०७० चं दोन फॅनवालं ग्राफिक्स कार्ड, ७५० वॉटचा एसएफएक्स (छोट्या मापाचा) एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा डबा, आणि डीपकूल एजी४०० कूलर. कॅबिनेट साधारण १८ लिटरचं. दहा लिटरची कॅबिनेट दिसायला देखणी असतात, पण त्यांत ग्राफिक्स कार्ड बोर्डाच्या पाठीला लावून रायझर केबलने जोडावं लागतं. खाऱ्या हवेत जितके जोड कमी तितकं बरं, त्यामुळे रायझर नकोच. शिवाय १८ लिटरमध्ये १५० मिमी उंचीचा टॉवर कूलर आणि १२० मिमीचे साधे फॅन बसतात. हे फॅन कुठल्याही शहरात मिळतात. मुंबई किंवा कोल्हापूरहून सुटा भाग यायला चार दिवस लागत असतील तर ही गोष्ट छोटी नाही.

पाण्याचा कूलर मुद्दाम टाळला. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांवर खारी हवा बसते आणि पंप बंद पडला तर मशीनच बंद. प्रोसेसर पूर्ण लोडवर ८८ वॉट खातो. तेवढ्यासाठी चार हीटपाइपचा हवेचा कूलर पुरून उरतो.

कार्ड घेताना एकच गोष्ट हट्टाने पाहिली: पॉवरला साधा ८ पिनचा जोड हवा. ८ पिनमधून १५० वॉट आणि स्लॉटमधून ७५, म्हणजे २२५. ४०७० ला २०० पुरतात. १६ पिनचा नवा जोड असला की सोबत अडॅप्टरचा झुबका येतो. ती वायर जोडापासून निदान ३५ मिमी सरळ जाऊन मगच वळायला हवी, आणि अरुंद कॅबिनेटच्या झाकणापाशी तेवढी जागा नसते.

जोडणीचा क्रम चुकला तर एवढ्याशा जागेत सगळं पुन्हा उलगडावं लागतं. प्रोसेसर, रॅम, एनव्हीएमई आणि कूलरचे ब्रॅकेट बोर्ड बाहेर असतानाच बसवून घ्यावेत. एएम५ मध्ये बोर्डामागची पट्टी सॉकेटलाच धरून राहते, एएम४ सारखी स्क्रू काढताच गळून पडत नाही, तेवढा एक हात मोकळा. प्रोसेसरची ८ पिनची वायर बोर्डाच्या वरच्या कडेला लागते. कूलर बसला की तिथे बोट शिरत नाही, म्हणून ती कूलरच्या आधी. ग्राफिक्स कार्डाची ८ पिनची वायर दिसायला तशीच असते, पण तिचे तुकडे ६ अधिक २ असे पडतात आणि प्रोसेसरच्या वायरीचे ४ अधिक ४. जोर लावावा लागतोय असं वाटलं की थांबावं, वायर चुकीची आहे. मॉड्युलर (सुट्या वायरींच्या) एसएमपीएसच्या वायरी आधी एसएमपीएसच्या तोंडाला लावाव्यात आणि मगच तो आत सरकवावा. आत गेल्यावर ते तोंड पत्र्याकडे जातं. जुन्या एसएमपीएसच्या वायरी नव्याला लावू नयेत. प्लग बसतो, पण आतला पिनांचा क्रम कंपनीगणिक वेगळा असतो आणि पहिल्याच झटक्यात बोर्ड किंवा एसएसडी जाते.

समोरच्या यूएसबीची २० पिनची वायर ही सगळ्यात आडमुठी. जाड, न वळणारी, आणि तिरकी खेचली तर बोर्डावरच्या पिना वाकतात. ती सरळ खाली दाबून बसवावी आणि मग तिचा बाक एसएमपीएसच्या खाली घ्यावा. उरलेल्या वायरींना प्लॅस्टिकच्या टायऐवजी वेल्क्रोच्या पट्ट्या वापराव्यात. इथे कॅबिनेट वर्षातून तीनचारदा उघडावं लागणारच आहे, दर वेळी टाय कापत बसायचं का? सगळी जास्तीची लांबी एसएमपीएस आणि पुढच्या पत्र्यामधल्या पोकळीत गेली. तिथून हवा जात नसल्याने गठ्ठा झाला तरी बिघडत नाही. ज्या वायरी हवेच्या वाटेत येतात, म्हणजे २४ पिनची आणि कार्डाची, त्यांची घडी मात्र सपाट हवी. कार्डाची वायर सैल राहिली आणि खालच्या फॅनच्या पात्यावर लोंबली, तर मध्येच टकटक असा आवाज येतो. तो फॅनच्या बेअरिंगचा समजून फॅन बदलायला निघू नका, आधी झाकण उघडा.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ ची रॅम स्वतःची जुळणी करते. काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. बोर्ड मेला असं समजून बटण दाबत राहिलं की ती जुळणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. चहा करून यावं.

फॅनची मांडणी: तळाशी दोन १२० मिमी आत घेणारे, वर एक १२० मिमी बाहेर टाकणारा, मागे ९२ मिमीचा एक, तोही बाहेर. चारपैकी तीन फॅन आर्क्टिक पी१२ आहेत. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवली आहे, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही आणि सगळी हवा तळाच्या जाळीतूनच येते. आयटीएक्स बोर्डावर फॅनचे जोड मोजकेच असतात, बहुतेक वेळा तीन. त्यामुळे तळाचे दोन फॅन एकाच जोडाला साखळीने लावले. एक जोड साधारण १ अँपिअर देतो, दोन पी१२ त्याचा चौथा भागही घेत नाहीत.

बायोसमधली, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या प्रोग्रॅममधली, फॅनची सेटिंग प्रोसेसरचं तापमान बघते. गेम खेळताना तापतं ते कार्ड, आणि तळाचे फॅन तर कार्डाला हवा देतात. म्हणून विंडोजमध्ये फॅन कंट्रोल हे प्रोग्रॅम टाकून तळाचे फॅन कार्डाच्या तापमानाला बांधले: ५० अंशांना ३० टक्के, ७० ला ६५. सोबत तीन अंशांचा ढिलेपणा ठेवला, नाहीतर फॅन सारखे वरखाली होतात आणि कान विटतात.

मे महिन्यात खोली ३३ अंशांवर असताना कार्ड मूळ सेटिंगवर ७४ पर्यंत जायचं. आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये कार्डाचं व्होल्टेज ०.९५ आणि घड्याळ, म्हणजे चिपचा वेग, २५५० मेगाहर्ट्झला बांधल्यावर वीज २०० वॉटवरून १६० च्या आसपास आली, तापमान ६६-६७ वर. फ्रेम कमी झाल्या, पण मोजल्याशिवाय कळत नाहीत. प्रोसेसर गेममध्ये ७० च्या आत. उन्हाळ्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

आता पाऊस. स्वयंपाकघरातल्या मिठाला जूनमध्ये पाणी सुटतं, तेच बोर्डावर घडतं. वाऱ्याबरोबर येणारा खारा अंश पत्र्यावर, पिनांवर, कूलरवर बसलेला असतो. हवेतला ओलावा ७५ टक्क्यांच्या खाली असेपर्यंत मिठाचा कण कोरडा असतो. त्याच्या वर गेला की तो पाणी ओढून विरघळतो, आणि खारं पाणी वीज वाहून नेतं आणि धातूही खातं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते त्याहून कमी ओलाव्यातच चिकट होतात. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुलैत घरातला ओलावा ८५ ते ९० असतोच.

पण कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा थोडी गरम ठेवली तर हिशेब बदलतो. खोलीत २८ अंश आणि ८५ टक्के असतील, तर तीच हवा ३२ अंशांना तापवली की ओलावा ६७-६८ टक्क्यांवर येतो. पाणी तेवढंच, पण गरम हवेला ते कमी वाटतं. चार अंशांचा खेळ आहे. कॅबिनेटमध्ये एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर (ओलावा मोजायचं यंत्र) ठेवून हे पाहिलं: नुसता डेस्कटॉप उघडा असताना तळाचे फॅन ४० टक्क्यांवर असले तर आतली हवा खोलीइतकीच ओली. फॅन पूर्ण बंद केले की अर्ध्या तासात आकडा सत्तरच्या खाली. पी१२ पाच टक्क्यांच्या खाली थांबतो, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही. म्हणून फॅन कंट्रोलमध्ये दोन प्रोफाइल आहेत. 'मे' मध्ये फॅन नेहमी फिरतात. 'आषाढ' मध्ये कार्ड ५५ अंशांवर जाईपर्यंत तळाचे फॅन थांबलेले. खेळायचं नसलं तरी पावसात मशीन रोज तासभर चालू ठेवायचं. ५०-५५ वॉट खातं, एका जुन्या बल्बइतकं.

कॅबिनेटमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकण्याचा सल्ला बरेच जण देतात. जाळीच्या डब्यात त्यांचा उपयोग नाही. बाहेरची ओली हवा सतत आत येत असते, पुडी दोन दिवसांत पोट भरून बसते. सुटे भाग ठेवायच्या बंद डब्यात मात्र जरूर टाका.

एसीवाल्यांनी एक गोष्ट फार जपावी. बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के असतात तेव्हा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव होऊन धरतं तो, २५ च्या आसपास येतो. रात्रभर २२ वर एसी चालवून सकाळी खिडक्या उघडल्या की २२ अंशांच्या धातूवर दव धरतं, चष्म्यावर धरतं तसंच, फक्त ते दिसत नाही. त्याच क्षणी मशीन चालू केलं तर खारट पाण्यातून वीज सोडल्यासारखं. एसी २६ वर ठेवावा, किंवा खिडक्या उघडण्याआधी मशीन चालू करून गरम होऊ द्यावं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात सगळं उघडून पाहिलं. तळाची जाळी मे मध्ये तांबड्या मातीने भरायची, आता करड्या चिकट थराने. ब्रशने तो नुसता पसरतो. साध्या पाण्याखाली धुऊन, दिवसभर फॅनखाली वाळवून मगच परत लावावी. बोर्डाखालच्या पितळी स्टँडऑफवर (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या खुंट्यांवर) हिरवट पूड धरली आहे, नखाने निघते. कूलरला काळा लेप आहे, त्यावर काही नाही. एसएसडीच्या उघड्या ॲल्युमिनियम हीटसिंकच्या कडांवर मात्र पांढरे ठिपके आलेत. गंज सगळ्यात आधी धरला तो मागच्या स्लॉटपट्टीच्या स्क्रूंना आणि जिथे जोडताना स्क्रूड्रायव्हर घसरून रंग खरवडला होता तिथे. ओरखडे सँडपेपरने घासून त्यावर बिनरंगी नेलपॉलिश लावलं. स्क्रू बदलायचे तर स्टीलचे एम३ कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, पण कॅबिनेटचे बहुतेक स्क्रू ६-३२ आट्याचे असतात. ते दुकानात नसतात आणि एम३ त्या भोकात सैल फिरतो. दुरुस्तीवाल्याकडच्या जुन्या कॅबिनेटमधले मागून घ्यावेत.

पावसात एखाद्या दिवशी मशीन उठत नाही आणि बोर्डावरचा रॅमचा दिवा लागून राहतो. दहापैकी नऊ वेळा हा संपर्काचा दोष असतो. इथे सर्रास खोडरबर चालवतात. त्याने तात्पुरतं काम होतं, पण सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की चारपाच वेळा घासला की खालचा धातू उघडा पडतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं कापड, एवढंच पुरे. गंज काढायचा तेलकट स्प्रे स्लॉटमध्ये मारू नये, त्यावर धूळ आणि मीठ दोन्ही चिकटतं.

विजेबद्दल. कॅबिनेटला हात लावला की मुंग्या आल्यासारखं होत असेल तर दोष एसएमपीएसचा नाही, अर्थिंगचा आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर थोडा प्रवाह पत्र्यावर सोडतात, तो जमिनीत जायला हवा. जांभ्याच्या जमिनीत पाणी टिकत नाही. एप्रिलमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि मुंग्या सुरू होतात. मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थ यांत दोनतीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर खड्ड्यात पाणी घालावं आणि वायरमनला बोलवावं. यूपीएस ११०० व्हीए, ६६० वॉटचा आहे. कार्डाचं व्होल्टेज कमी केल्यावर पूर्ण मशीन भिंतीतून तीनशेच्या आत राहतं, त्यामुळे सेव्ह करून बंद करायला वेळ मिळतो. त्याहून जास्त अपेक्षा नको. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की यूपीएसवर भरवसा न ठेवता प्लगच काढावा, आणि राउटरची लॅन वायरही. वीज तिथूनही शिरते.

पुन्हा घ्यायचं झालं तर कॅबिनेट जाळीच्या जागी थोडं कमी उघडं असलेलं घेता येईल, आणि बोर्डाच्या पाठीला नंतर लावली तशी दुसरी एनव्हीएमई लावणार नाही. ती जागा कोंदट आहे, मोठी फाइल टाकताना ७५ च्या वर जाते. कॅबिनेट जमिनीवर मात्र कधीच नको: जुलैत लादीला घाम सुटतो आणि तळाचे फॅन तोच ओलावा ओढतात. टेबलावर, भिंतीपासून वीतभर पुढे. स्लॉटच्या रिकाम्या पट्ट्या काढून टाकायचा मोह होतो, हवा बरी खेळते म्हणून. काढू नका. त्या फटीतून पाल आत येते, गरम जागा शोधत थेट एसएमपीएसपर्यंत.