आधी वाचावे की आधी पाहावे? कुमारवयीन वाचकासाठी काही जोड्यांची तुलना

माझी भाची यंदा नववीत गेली. ती इंग्रजी माध्यमात शिकते, घरी अस्खलित मराठी बोलते, पण मराठी पुस्तक हाती घेतले की दहाव्या पानाशी तिचा वेग मंदावतो. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, मला विचारले, की ‘शाळा’ हा चित्रपट तिला आधी दाखवला तर पुस्तकाची गोडी लागेल, की पुस्तक कायमचे वाचायचे राहून जाईल? अप्पा बळवंत चौकात पुस्तके चाळताना इतर पालकांच्या तोंडूनही मी हा प्रश्न ऐकला आहे. पूर्वी मी ‘आधी पुस्तकच’ असे ठाम उत्तर देत असे. पुस्तके आणि त्यांवरचे चित्रपट शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावर मात्र हा निर्णय प्रत्येक जोडीसाठी वेगळा करावा लागतो, असे माझे मत झाले आहे. त्यासाठी मी एकच गोष्ट तपासते: पुस्तकातली हकिकत कोण सांगतो, आणि त्याचे सांगणे काढून घेतले तर मागे काय उरते.

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली मौज प्रकाशन गृहाने काढली. आणीबाणीच्या काळातली ही हकिकत नववीतला मुकुंद जोशी स्वतःच सांगतो. तीनशेच्या आसपास पानांच्या या कादंबरीत घटना म्हणाव्यात अशा थोड्याच आहेत. शाळा, क्लास, मित्रांच्या गप्पा, आणि एका मुलीच्या नजरेची वाट पाहणे. परंतु तिने आपल्याकडे पाहिले की आपल्या मागच्या बाकाकडे पाहिले, यावर मुकुंदाच्या डोक्यात जो विचार चालतो, जे आडाखे बांधले जातात आणि लगेच मोडले जातात, त्यांतच या पुस्तकाचे सगळे बळ आहे. तो तिचा विचारही ‘शिरोडकर’ असाच करतो, आडनावाने, जसा त्या काळच्या वर्गातला मुलगा करील; आणि वाचता वाचता त्या कोरड्या आडनावालाच असा काही ओलावा येतो, की दुसरे कोणतेही लाडाचे नाव तिथे शोभले नसते. आणीबाणीची बातमी त्याच्यापर्यंत मोठ्यांच्या बोलण्यातून अर्धीमुर्धी पोहोचते. वाचकाला तिचा अर्थ मुकुंदापेक्षा थोडा अधिक कळत असतो, आणि या थोड्याशा अंतरामुळे एका शाळकरी प्रेमाच्या गोष्टीला मोठे आवार मिळते.

सुजय डहाके यांचा चित्रपट २०१२ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. २०११ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, आणि साहित्यकृतीवर आधारित पटकथेसाठी अविनाश देशपांडे यांचाही गौरव झाला. तो मान रास्त होता असे मला वाटते, कारण तीनशे पानांचे मनोगत दोन तासांच्या आत बसवताना पटकथेने पुस्तकाचा स्वभाव बिघडू दिलेला नाही. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर ही दोन्ही मुले खरोखरच त्या वयाची दिसतात; पडद्यावर नववीतला मुलगा म्हणून विशीतला तरुण पाहावा लागण्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. दोघांमधले अवघडलेपण, काही न बोलता जाणारे क्षण, हे चित्रपटाला कागदापेक्षाही चांगले साधले आहे. जे साधत नाही ते म्हणजे मुकुंदाचे डोके. चित्रपटात तो तिच्याकडे पाहतो आणि आपण त्याचे पाहणे पाहतो. पुस्तकात तो पाहत असताना काय समजून घेतो आहे आणि त्यातले किती चुकीचे आहे, हेही आपल्याला दिसत राहते. याच कादंबरीवरचे ‘गमभन’ हे नाटकही गाजले, हे पाहता तिच्यात दृश्य आणि संवाद यांचा साठा मोठा आहे यात शंका नाही. तरीही सांगणाऱ्याचा आवाज काढून घेतला तर तिचे सत्त्व कमी होते, आणि म्हणून येथे माझा कौल निःसंशय आधी पुस्तकाला आहे.

इंग्रजी माध्यमातल्या मुलांसाठी या कौलाला आणखी एक कारण आहे, आणि ते मला फार महत्त्वाचे वाटते. अशा मुलांना मराठी येत नसते असे नाही. त्यांना पुस्तकी मराठीची सवय नसते. ‘शाळा’ची भाषा पोरांच्या बोलण्याची आहे, तिच्यात मास्तरांना ठेवलेली नावे आहेत, ‘लाइन देणे’ यासारखे शब्दप्रयोग आहेत, आणि क्वचित शिव्याही आहेत. जी मुलगी मराठी बोलते पण वाचत नाही, तिच्यासाठी जड गद्यापेक्षा हे गद्य कितीतरी जवळचे आहे. शिव्यांची आणि आकर्षणाच्या विषयाची ज्या पालकांना काळजी वाटते, त्यांनी मुलाला तेरावे-चौदावे वर्ष लागेपर्यंत थांबावे. त्याहून अधिक थांबू नये, कारण नववी उलटून गेल्यावर हे पुस्तक आठवणींचे होते, आणि नववीत असताना ते स्वतःचे असते.

भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’ची बाब याच्या अगदी उलट आहे. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्याच्या विद्याभवनात शिकतो, सायकलवर भरधाव सुटतो, संकटात उडी घेतो आणि ‘ट्टॉक्’ करतो. वीस पुस्तकांची ही मालिका त्याच्या मनात काय चालले आहे यापेक्षा तो पुढे काय करणार यावर चालते. असे पात्र एका माध्यमातून उचलून दुसऱ्यात ठेवता येते. १९८०च्या दशकात दूरदर्शनच्या मालिकेत सुमीत राघवन यांनी ते रंगवले, आणि २०१७ साली आदित्य सरपोतदार यांच्या चित्रपटात अमेय वाघ यांनी. या चित्रपटातला बनेश शाळकरी नाही. तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण आहे, आणि ज्या गुन्ह्याचा माग तो काढतो त्यात एका विद्यार्थ्याचा जीव गेलेला आहे. मूळ पुस्तकांतली कोणतीही एक गोष्ट पडद्यावर आणण्याऐवजी पात्राचा स्वभाव घेऊन नवी कथा रचली, हा निर्णय मला धाडसी आणि योग्य वाटतो.

त्यामुळे येथे आधी काय, या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. वय काय, हा प्रश्न उरतो. पाचवी ते सातवीच्या मुलांना पुस्तके द्यावीत, कारण त्यांची वाक्ये छोटी आणि खेळकर आहेत, आणि पुण्यात वाढणाऱ्या मुलाला ओळखीच्या परिसरात साहस घडताना वाचण्याचा आनंद निराळाच असतो. चित्रपटातली हिंसा आणि गिरीश कुलकर्णी यांनी उभा केलेला खलनायक पाहता तो आठवीनंतर दाखवावा. एक गोष्ट मात्र नोंदवते: चित्रपटात दिलीप प्रभावळकर यांनी खुद्द भा. रा. भागवतांची भूमिका केली आहे, आणि लेखकाने आपल्याच मानसपुत्राशी बोलावे, यातली गंमत पुस्तके वाचलेल्यालाच पुरेपूर कळते. भागवतांची पुस्तके पुण्याच्या उत्कर्ष प्रकाशनाने उपलब्ध ठेवली आहेत, तेव्हा ती मिळवण्याची अडचण नाही.

‘श्यामची आई’विषयी थोडक्यात लिहिते, कारण तिथे निवड तितकी अवघड नाही. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकात मोठा झालेला श्याम रात्रीमागून रात्री आपल्या सोबत्यांना आईच्या आठवणी सांगतो. सांगणाऱ्याचा गहिवर आजच्या मुलाला एका बैठकीत झेपत नाही. रोज एक रात्र, असे वाचले तर झेपतो. आचार्य अत्रे यांच्या १९५३च्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, आणि डहाके यांनीच २०२३ मध्ये तो विषय पुन्हा कृष्णधवल रूपात आणला. ज्या मुलाला पुस्तकाचा काळ परका वाटतो, त्याला आधी चित्रपट दाखवण्यास माझी हरकत नाही. कोकणातले घर, तिथले दारिद्र्य आणि सोवळेओवळे डोळ्यांसमोर आले की पुस्तकातल्या रात्री सोप्या होतात.

पुण्यातली या वयाची मुले इंग्रजी मालिकाही आवडीने वाचतात, म्हणून तिथेही हीच कसोटी लावून पाहिली. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ (२००८) ही कादंबरी तिची नायिका कॅटनिस, जिला एका जीवघेण्या खेळात उतरावे लागते, प्रथमपुरुषी वर्तमानकाळात सांगते, म्हणजे ‘शाळा’च्या न्यायाने चित्रपटाचे नुकसान व्हायला हवे होते. २०१२च्या चित्रपटाने, ज्याच्या पटकथेत स्वतः कॉलिन्स यांचा वाटा होता, ते नुकसान दुसरीकडून भरून काढले: कॅटनिसला रिंगणातून जे दिसणे शक्य नव्हते, ते खेळ चालवणाऱ्यांचे नियंत्रणकक्ष आणि राष्ट्राध्यक्षांची खलबते त्याने दाखवली. पुस्तकात आपण तिच्याबरोबर घाबरतो, आणि चित्रपटात तिला कोण कसे घाबरवते ते समजते. येथे पुस्तक आधी आणि लगेच पाठोपाठ चित्रपट, हा क्रम सर्वांत फलदायी ठरतो.

‘हॅरी पॉटर’च्या बाबतीत पालक अनेकदा मुलांना चित्रपट दाखवून थांबतात, आणि तो व्यवहार मला तोट्याचा वाटतो. पाचवे पुस्तक मालिकेत सर्वांत जाड आहे, तर त्यावरचा चित्रपट आठ चित्रपटांतल्या सर्वांत छोट्या दोनांपैकी एक आहे. तिसऱ्या चित्रपटात जादूचा नकाशा येतो, पण तो हॅरीच्या वडिलांनी आणि त्यांच्या मित्रांनी तयार केला हे सांगितलेच जात नाही, आणि त्या मैत्रीचा एक पदर तिथे निसटतो. ‘पर्सी जॅक्सन’बद्दल इतकेच, की पुस्तकातला बारा वर्षांचा नायक २०१०च्या चित्रपटात मोठ्या वयाचा केला होता आणि २०२३च्या मालिकेत तो पुन्हा बारा वर्षांचा झाला, सहावी-सातवीतल्या मुलाला पडद्यावरचे काही दाखवायचेच असेल तर ती मालिका दाखवावी.

बहिणीच्या घरी ‘शाळा’च आधी सुरू झाली. पहिले काही दिवस जेवणानंतर बहीण रोज दहा पाने मोठ्याने वाचत असे, आणि साठाव्या पानाच्या सुमारास भाचीने पुस्तक तिच्या हातून स्वतःकडे घेतले. चित्रपट दिवाळीच्या सुट्टीसाठी राखून ठेवला आहे, आणि तोपर्यंत शिरोडकरचा पडद्यावरचा चेहरा तिला कोणी दाखवायचा नाही, असे घरात ठरले आहे.