निकॉन झेड५० की सोनी ए६४००: तुलनेची कोणती साधने काय सांगतात

पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा शोधणाऱ्यासमोर, विशेषतः वापरलेला चालणार असेल तर, २०१९ साली आलेली ही जोडी हमखास येते. दोन्ही नावे एखाद्या संकेतस्थळावर टाकून तक्ता काढला की निर्णय होईल असे वाटते, पण तुलनेचे प्रत्येक साधन वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत असते.

सर्वांत सोयीचा असतो तो वैशिष्ट्यांचा तक्ता, आणि सर्वांत जास्त फसवतोही तोच. सोनीचे २४.२ मेगापिक्सेल आणि निकॉनचे २०.९ हे आकडे शेजारी आले की सोनी पुढे दिसतो. प्रत्यक्षात सोनीच्या छायाचित्राची रुंदी ६००० पिक्सेल आणि निकॉनची ५५६८ पिक्सेल असते, म्हणजे ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) छापले तर एक २० इंच रुंद होईल आणि दुसरे साधारण साडेअठरा इंच. भिंतीवर टांगल्यावर हा फरक कोणी ओळखेल असे मला वाटत नाही. उलट खरा फरक तक्त्यात दडून बसतो. दोन्हींच्या पडद्यापुढे ‘टिल्टिंग’ हा एकच शब्द असतो, मात्र सोनीचा पडदा वर वळून समोर येतो आणि निकॉनचा खाली वळतो, त्यामुळे ट्रायपॉडवर ठेवून स्वतःचा व्हिडिओ घेणाऱ्याला निकॉनमध्ये नेमका ट्रायपॉडच आडवा येतो. शिवाय सोनीचा तीन इंची पडदा १६:९ या प्रमाणाचा असल्याने ३:२ प्रमाणातले छायाचित्र पाहताना दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, निकॉनचा ३.२ इंची पडदा आकड्यावरून वाटतो त्यापेक्षा बराच मोठा भासतो तो यामुळे.

तक्त्याचा खरा उपयोग पर्याय बाद करण्यासाठी आहे. हाताचा कंप सावरणारे स्थिरीकरण बॉडीतच हवे अशी अट असेल, तर हे दोन्ही कॅमेरे एका ओळीत बाद होतात आणि पुढचे वाचण्याचे कष्ट वाचतात.

चित्राचा दर्जा पाहायचा असेल तर १९९८ साली सुरू झालेल्या डीपीरिव्ह्यू या कॅमेरा-परीक्षणाच्या संकेतस्थळाचे स्टुडिओ दृश्य मला सर्वांत विश्वासार्ह वाटते. एकाच मांडणीची छायाचित्रे चार चौकटींत शेजारी उघडतात आणि हवा तो कोपरा मोठा करून पाहता येतो. मात्र कमी आयएसओवर (प्रकाशाच्या संवेदनशीलतेवर) सगळेच कॅमेरे छान दिसतात, म्हणून आयएसओ ६४०० निवडावा आणि जेपीईजीऐवजी रॉ (कॅमेऱ्याने संस्कार न केलेली मूळ फाइल) पाहावे, कारण जेपीईजीमध्ये कंपनीने नॉइज (दाणेदारपणा) किती पुसला हेही मिसळलेले असते. मेगापिक्सेल वेगवेगळे असताना दोन्ही चित्रे एकाच आकारात आणणारा पर्याय निवडला नाही, तर जास्त पिक्सेलचा कॅमेरा विनाकारण जास्त दाणेदार दिसतो. मंगल कार्यालयात किंवा देवळाच्या गाभाऱ्यात छायाचित्रे काढणाऱ्याने एवढी दहा मिनिटे द्यावीतच.

डीएक्सओमार्क या चाचणी करणाऱ्या संकेतस्थळाचे गुण मात्र जपून वाचावेत. ते सेन्सरचे मोजमाप आहे. ऑटोफोकस, हाताळणी आणि लेन्स त्यात येत नाहीत. त्यांच्याच पद्धतीनुसार पाच गुण म्हणजे सुमारे एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). उदाहरणार्थ, निकॉन डी८५०ला १०० आणि सोनी ए७ थ्रीला ९६ गुण आहेत. शाळेच्या निकालासारखे वाचले तर ही दरी मोठी वाटते, प्रत्यक्षात ती तेवढ्या स्टॉपचीही नाही.

आकाराची तुलना करणारे कॅमेरा साइझ हे साधन साधे आणि प्रामाणिक आहे. तक्ता सांगतो की बॅटरीसह सोनी ४०३ ग्रॅम आणि निकॉन साधारण ४५० ग्रॅम. कॅमेरा साइझवर लेन्स लावून वरून पाहिले की निकॉनची पुढे आलेली पकड आणि सोनीचा चपटा भाग लगेच नजरेत भरतो, आणि मोठी लेन्स लावणाऱ्यासाठी त्या ४७ ग्रॅमपेक्षा ही पकड महत्त्वाची ठरते. मागच्या बाजूचे चित्रही पाहावे: सोनीचा व्ह्यूफाइंडर डाव्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे उजव्या डोळ्याने पाहणाऱ्याचे नाक पडद्यावर टेकत नाही, डाव्या डोळ्याने पाहणाऱ्याला मात्र ही सोय मिळत नाही.