मिनॉक्सिडिल ५ टक्के, हॉर्मोन्ससोबत : १४ महिने, ११ बाटल्या

मिनॉक्सिडिल म्हणजे केस उगवावेत म्हणून डोक्याच्या कातडीला लावायचं औषध. घाईत असाल तर निकाल आधीच सांगते. टाळूवरचा भांग बराच अरुंद झाला, कपाळाचे दोन्ही कोपरे मात्र होते तिथेच आहेत. पाचपैकी साडेतीन. अर्धा मार्क कापलाय तो गालावर आलेल्या लवेसाठी. तो किस्सा खाली येईलच.

मी ३४ वर्षांची, नाशिकची, ट्रान्स स्त्री. मार्च २०२४ मध्ये एस्ट्रॅडिऑल (एस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-हॉर्मोन) आणि स्पायरोनोलॅक्टोन (टेस्टोस्टेरॉन दाबणारी गोळी) सुरू झालं. डोस मुद्दाम लिहीत नाही. लोक नेमकं तेवढंच उचलतात आणि केमिस्टकडे पळतात. केस विशीतच मागे सरकायला लागले होते. आजी म्हणायची, कपाळ मोठं म्हणजे भाग्य मोठं. पंचविशीत ते भाग्य टाळूपर्यंत पोचलं. मावशीचा ठरलेला शेरा असायचा, "मामावर गेलाय." (आता "मामावर गेलीस" म्हणते. मला बाई म्हणायला शिकली, पण मामाला काही सोडत नाही.) खरं तर हा वारसा एकट्या आईकडून येत नाही, दोन्हीकडून येतो. बाबांचं डोकं बघितलं असतं तर मामावरचा आळ टळला असता.

हॉर्मोन्स सुरू करताना माझी भाबडी समजूत होती की टेस्टोस्टेरॉन गेलं की केस परत येतील. टेस्टोस्टेरॉनपासून शरीर डीएचटी तयार करतं. ज्यांच्या अंगात वारसा आहे, त्यांच्या कपाळाची आणि टाळूची मुळं त्या डीएचटीने आक्रसत जातात. केस दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड उगवतो, शेवटी नुसती लव उरते. हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने १९४२ मध्ये हे दाखवून दिलं. वयात येण्याआधी वृषणं गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नव्हतं. त्यांना बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जायला लागले. दिलेलं हॉर्मोन थांबवलं की गळतीही थांबायची, पण गेलेलं रान काही परत भरायचं नाही. माझ्या कपाळाची गोष्ट हीच. नुकती बारीक झालेली मुळं सावरतात. दहा वर्षं गुळगुळीत पडलेल्या कोपऱ्यांवर गोळीचा काही इलाज नाही.

म्हणून जूनमध्ये त्वचेच्या डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल जोडलं. केमिस्टने बाटलीवरचं 'पुरुषांसाठी' वाचलं, माझ्या कानातल्यांकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात कुणाला पाहिजे का?" म्हटलं, घरात मी एकटीच असते. ६० मिलीची बाटली, दिवसातून दोनदा एकेक मिली, म्हणजे महिन्याला एक. मला सातशेच्या आसपास पडायची. फेब्रुवारीपासून डॉक्टरांना विचारून रात्री एकदाच लावते, म्हणून १४ महिन्यांत ११ बाटल्या झाल्या.

लावायची पद्धत कुणी नीट सांगत नाही. केसांना नाही, भांग पाडून कातडीला लावायचं. ड्रॉपरमधून धार सुटते आणि कपाळावरून ओघळते, म्हणून मी थेंब बोटावर घेऊन टेकवते. झोपायच्या निदान दोन तास आधी, नाहीतर सगळं औषध उशी पिते आणि उशीवरून गाल. जुलैत मी आडवी पडल्या पडल्या लावत होते. दोन महिन्यांत कानशिलांवर आणि गालाच्या वरच्या बाजूला काळसर लव. इकडे हनुवटीच्या लेझरला दर बैठकीला पैसे मोजायचे आणि तिकडे स्वतःच्या हाताने गालावर पेरणी करायची! लावल्यावर हात साबणाने धुवायला लागले, उशीचा अभ्रा रोज बदलायला लागले, तशी ती लव तीन-चार महिन्यांत ओसरली. पहिल्या बाटल्यांनी डोक्याला खाजही खूप सुटली. ती बहुतेकदा त्यातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉल या द्रावकामुळे असते. फोममध्ये ते नसतं, पण फोम महाग.

घरात मांजर असेल तर हा एक परिच्छेद दोनदा वाचा. मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी आहे, चाटण्यापुरतं पोटात गेलं तरी जीव जाऊ शकतो. आमची मनी माझ्या उशीवर झोपायची. आता तिला बेडरूमची दारबंदी आहे आणि ती ते अजून विसरलेली नाही.

आता गळतीबद्दल. सहाव्या आठवड्यात मोरीच्या जाळीवर केसांचा बोळा दिसायला लागला. हे अपेक्षित असतं. औषध विसावलेल्या मुळांना पुन्हा कामाला लावतं, तेव्हा जुना केस जागा सोडतो. कागदावर हे ठीक वाटतं, मोरीत बसून केस मोजताना नाही. मी खरंच मोजायचे, टिश्यूवर ओळीने मांडून. एका दिवशी १४२. दिवसाला ५० ते १०० जाणं साधारण धरतात, म्हणजे आपण बुडालो. बाटली कपाटात टाकून दिली होती. आठवड्याने परत काढली, ती डॉक्टरांवर विश्वास म्हणून नाही, सातशे रुपये दिलेत म्हणून.

गळती दोन महिन्यांत निवळली. आणि सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला.

आमच्याकडे डेंग्यूच्या माणसाला भेटायला कुणी रिकाम्या हाताने येत नाही. शहाळी, किवी, पपईच्या पानांचा रस. तिसऱ्या दिवशी कॉटखाली सात शहाळी. स्पायरोनोलॅक्टोनमुळे शरीरात पोटॅशियम साठतं, आणि शहाळ्यात आणि किवीत तेच भरपूर. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर हे आणखी धोक्याचं. हॉर्मोनच्या डॉक्टरांना फोन केला, त्यांनी ताप उतरून खाणंपिणं नीट होईपर्यंत स्पायरो बंद ठेवायला लावलं आणि पोटॅशियम तपासायला सांगितलं. शहाळी भाऊजींनी संपवली.

डिसेंबरमध्ये केस मुठीने यायला लागले. या खेपेला सगळीकडून, वेणी घातली तर शेपूट उरायचं. मी मनात हिशेब जुळवला. दहा दिवस स्पायरो बंद होतं, टेस्टोस्टेरॉन परत आलं, संपलं. रात्री अडीच वाजता ऑनलाइन फिनास्टेराइड मागवलं आणि एस्ट्रॅडिऑल दुप्पट करायचा बेत केला. सुदैवाने सकाळी भेटीची वेळ होती. डॉक्टरांनी केसांकडे पाहिलंच नाही आधी. विचारलं, "तीन महिन्यांपूर्वी काय झालं होतं?"

डेंग्यू. मोठा ताप, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटलेलं वजन, यातल्या कशानेही पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. मुळं शाबूत असतात, केस परत येतात. डीएचटीची गळती अशी नसते, ती कोपरे आणि टाळू धरून सावकाश खाते. रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन ३१, म्हणजे हवं तिथे, ५० च्या खाली. थायरॉइड ठीक. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, १४. हॉर्मोनचा दोष काहीच नव्हता, माझ्या अंगात लोहच नव्हतं आणि मी एस्ट्रोजेन दुप्पट करायला निघाले होते. एस्ट्रोजेन वाढवून केस वाढत नाहीत, रक्ताच्या गुठळीचा धोका मात्र वाढतो.

फिनास्टेराइडचं पाकीट घरी आलं ते न फोडता पडून आहे. ती गोळी टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होण्याची वाट अडवते. माझ्यात आता टेस्टोस्टेरॉनच इतकं थोडं आहे की अडवायला फारसं काही उरत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन अजून उतरलेलं नाही, किंवा जे ते दाबणारी गोळी घेऊ शकत नाहीत, त्यांचं गणित वेगळं.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर मार्चमध्ये भांगाच्या कडेने बोटभर उभे केस दिसायला लागले, अँटेनासारखे. खोबरेल लावूनही बसेनात. आईने ते पाहिले आणि म्हणाली, "जावळ आलंय की तुला."

मोजणी मी तेव्हाच बंद केली. आता दर महिन्याच्या एक तारखेला, त्याच ट्यूबलाइटखाली, ओल्या केसांचा वरून एक फोटो. माझ्या नशिबाने तुलनेला एक पक्का फोटो होता, ट्रान्सजेंडर ओळखपत्राच्या अर्जाला मे २०२४ मध्ये काढलेला. तेव्हा भांग चपटा पाडला होता, टाळू चमकतेय. जुलै २०२५ च्या फोटोत तोच भांग निम्म्याहून बारीक आहे. यात मिनॉक्सिडिलचं किती आणि हॉर्मोन्सचं किती, मला सांगता येणार नाही, कारण दोन्ही एका वर्षात सुरू केलं. मिनॉक्सिडिल सोडलं की त्याने आणलेले केस काही महिन्यांत जातात, म्हणून सोडून बघण्याची हिंमत नाही.

कोपऱ्यांसाठी मागच्या महिन्यात ट्रान्सप्लांटची चौकशी केली. मानेच्या वरचे केस काढून पुढे लावतात, आणि ते मोजकेच असतात. आत्ता कोपऱ्यांत खर्च करायचे, की टाळू आणखी किती भरते ते बघायचं? मी अजून वर्षभर बघणार आहे. तोवर भांग डावीकडून, आणि पुढे दोन बटा सोडलेल्या. वाऱ्याच्या दिवशी स्कार्फ.