एआय शिकायचंय पण कोडिंग नको: फिनलंडचा कोर्स, अँड्र्यू इंग की डायरेक्ट चॅटजीपीटी?

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचं युनिट असू दे, नवी पेठेत दुकान असू दे नायतर टॅक्सचं ऑफिस, आपल्या सोलापुरात हल्ली सगळे हेच विचारतात की एआय शिकायचंय पण कोडिंग काय आपल्याला जमणार नाय, मग सुरुवात कुठनं करू? कोर्स ढीगभर आहेत, पण माझ्या मते खरी निवड या तिघांतच.

एलिमेंट्स ऑफ एआय. फिनलंडमधलं हेलसिंकी विद्यापीठ आणि रिअ‍ॅक्टर नावाच्या कंपनीनं २०१८ ला काढला, कोर्स फुकट, सर्टिफिकेटपण फुकट. वाचायचं आणि गणितं सोडवायची, शाळेतली टक्केवारी आठवत असली तरी भागतं. यातला बेझच्या नियमाचा भाग, म्हणजे नवी माहिती हाती आली की शक्यतेचा अंदाज कसा बदलायचा ते, मला सगळ्यात कामाचा वाटतो, आपल्याकडचंच उदाहरण घ्या. चेकिंगला कॅमेरा बसवला, हजार टॉवेलात २० डिफेक्टचे, कॅमेरा त्यातले १८ पकडतो, पण चांगल्या ९८० मधल्या दहा टक्क्यांनापण उगाच डिफेक्ट म्हणतो, म्हणजे ९८. बाजूला निघाले ११६ आणि त्यात खरोखर खराब फक्त १८! मशिन विकणारा "९० टक्के डिफेक्ट पकडतो साहेब" एवढंच सांगणार, आणि ते खोटंपण नाय.

एआय फॉर एव्हरीवन हा अमेरिकेतले एआयचे नावाजलेले शिक्षक अँड्र्यू इंग यांचा, २०१९ चा, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर. व्हिडिओ आहेत, इंग्रजी सोपं, हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन यायच्या वेळात बघून होतो. गणित जवळपास नाहीच, धंद्यात एआय कुठं चालेल, डेटा काय लागेल, प्रोजेक्ट कसा निवडायचा यावर भर, त्यामुळं मालक-मॅनेजर लोकांना हा बरा. सर्टिफिकेटला मात्र पैसे पडतात. आणि चॅटजीपीटी आलं नोव्हेंबर २०२२ ला, हा त्याच्या आधीचा, ते हवं असेल तर त्यांचाच जनरेटिव्ह एआय फॉर एव्हरीवन बघा.

राहिलं डायरेक्ट चॅटजीपीटी किंवा गूगलचं जेमिनाय वापरत शिकणं. मराठीत विचारता येतं, पार्टीला इंग्रजी मेल लगेच लिहून मिळतो, हात लवकर बसतो. पण ते कधी चुकतंय हे त्यातनं कळत नाही, कारण चुकीचं उत्तरपण तेवढ्याच ठामपणे देतं. न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी चॅटजीपीटीनं दिलेले खटले न तपासता कोर्टात लावले, ते खटले अस्तित्वातच नव्हते, जून २०२३ मध्ये ५,००० डॉलर दंड बसला. जीएसटीच्या नोटिशीला उत्तर लिहिणाऱ्यांनी तर हे लक्षात ठेवाच.

मला विचाराल तर ज्याला कुणी मशिन किंवा सॉफ्टवेअर विकायला येतंय त्यानं फिनलंडवाला करावा, वेळ लागला तरी. स्टाफला एआयच्या कामाला लावायचं असेल तर इंग यांचा, आणि नुसती पत्रं-मेल असतील तर चॅटबॉटवर भागतंय की, पण आकडा आणि कलम स्वतः तपासून. गावात क्लास निघालेत त्यांना फी भरायच्या आधी सिलॅबस मागा, नुसती प्रॉम्प्टची, म्हणजे चॅटबॉटला द्यायच्या सूचनांची, यादी असेल तर ती फुकट मिळते.