गेटवर कोण हवा: वॉचमनकाका, एजन्सीचा गार्ड की माजी सैनिक?

आमच्या सोसायटीत 96 फ्लॅट आणि दोन गेट; मागचं कायम कुलपात. पुढच्या गेटवर 22 वर्षं काढलेले काका दिवाळीला गावी गेले ते परत आलेच नाहीत. त्यानंतर 4 महिने एजन्सीचा गार्ड झाला, मग 3 महिने लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार. सेक्रेटरी मी असल्यामुळे तिघांच्याही तक्रारी माझ्याच फोनवर आल्या. तुमच्या कमिटीत हाच वाद चालू असेल तर आमचा अनुभव कामी येईल.

आमच्याकडे वाद सुरू झाला तो उंचीवरून. ‘चांगला धिप्पाड हवा’ असं तिघे तरी म्हणाले. खासगी सुरक्षा एजन्सींसाठीच्या केंद्राच्या आदर्श नियमांत पुरुष गार्डसाठी 160 सेंमी उंची पुरते, बाईसाठी 150. त्याच नियमांत इंग्रजी अक्षरं आणि आकडे वाचता यावेत अशीही अट आहे, तिच्याकडे मात्र कुणी बघत नाही. गाडीचा नंबर धड न वाचता येणारा पहिलवान गेटवर काय कामाचा?

काकांचं मोठं बळ म्हणजे ओळख. कुठल्या घरी दूध किती, कुणाचा जावई कधी येतो, सगळं तोंडपाठ. एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या एकट्या आजींच्या दारात सकाळी 10 पर्यंत पेपर तसाच दिसला म्हणून त्यांनी बेल वाजवली, मग शेजाऱ्यांना उठवलं. आजी बाथरूममध्ये पडल्या होत्या. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत असतील असं मला वाटत नाही. पण त्याच ओळखीनं घात केला. सोडून गेलेला एक भाडेकरू तीन आठवड्यांनी आला आणि दुसऱ्याच्याच मुलाची सायकल घेऊन गेला. विचारलं तर काका म्हणतात, ‘तो आपलाच पोरगा की!’ शिवाय पाण्याचा व्हॉल्व्ह, चार गाड्या धुणं, कुणाचं दळण आणणं... यात गेटवर माणूस किती वेळ असायचा ते तुम्हीच ठरवा. ही कामं आम्हीच लावलेली, हेही खरं.

एजन्सीचं बरं असं की माणूस आला नाही तर बदली मागता येतो, पोलीस पडताळणीचे कागद हातात असतात, पीएफ-ईएसआयसीची डोकेदुखी त्यांची (चलनं मात्र दर महिन्याला मागून घ्या). एजन्सीचं लायसन्स खासगी सुरक्षा एजन्सींच्या 2005 च्या कायद्याखालचं असतं. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून धंद्यातले लोक त्याला ‘पसारा लायसन्स’ म्हणतात. आमच्या बाबतीत नाव फार चपखल निघालं. नियमाप्रमाणे नव्या गार्डला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण हवं. आमच्याकडच्या पोरानं सांगितलं, ‘युनिफॉर्म दिला आणि पॉइंटवर सोडलं, सर.’

रात्रीची नोंदवही उघडली तेव्हा कळलं. राउंड 1:00, 2:00, 3:00, 4:00. चारही नोंदी एकाच पेननं, एकाच तिरकस हातानं, एका बैठकीत लिहिलेल्या. 4:00 च्या नोंदीखाली चहाच्या कपाचा गोल डाग. मी चिडलो होतो. सकाळी त्याला विचारलं तर रिलिव्हर (पुढच्या पाळीचा गार्ड) न आल्यामुळे तो आदल्या सकाळपासून ड्युटीवर होता.

इथे हिशोब करा. एक पॉइंट, म्हणजे पहाऱ्याची एक जागा, 24 तास चालवायचा, 8 तासांची ड्युटी आणि आठवड्याला एक सुट्टी, तर साडेतीन माणसं लागतात. 12 तासांच्या ड्युटीनेही दोनापेक्षा जास्तच. कोटेशनमध्ये ‘2 गार्ड’ लिहिलं असेल तर सुट्टीच्या दिवशी कोण, हे सही करण्याआधी विचारा. जागं राहणं हा गुण माणसात शोधण्याआधी कोटेशनमध्ये शोधावा.

एजन्सीच्या त्या गार्डचा दुसरा दोष कमी झोपेचा नव्हता. माझा मेव्हणा इस्त्रीचा शर्ट आणि लॅपटॉपची बॅग घेऊन ‘ए विंग, मीटिंग आहे’ म्हणत सरळ आत आला. आणि चौथ्या मजल्यावर रोज पोळ्या करायला येणाऱ्या मावशींना हा रोज थांबवायचा. कपडे बघून अडवणारा गार्ड चोराला फार सोयीचा.

हवालदारसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘लेखी ऑर्डर द्या. मग गेट माझं.’ त्यांची वही बघत राहावी अशी, वेळही लष्करी पद्धतीनं (2140 म्हणजे रात्रीचे 9:40): ‘2140. पांढरी व्हॅन. फ्लॅट सांगता आला नाही. परत पाठवली.’ मीटर रूममधून धूर आला तेव्हा बाकीचे फोन शोधत होते. यांनी मेन स्विच पाडला आणि पाण्याची बादली घेऊन धावणाऱ्याला हात धरून मागे ओढलं. पण चेअरमनच्या सासूबाईंनाही त्यांनी नोंद केल्याशिवाय सोडलं नाही. संध्याकाळी 7 ते 9 डिलिव्हरीवाल्या पोरांची रांग रस्त्यापर्यंत. ‘आम्ही काय छावणीत राहतो का?’ असा मेसेज ग्रुपवर आला आणि त्याला 31 अंगठे. खर्च तिघांत सर्वात जास्त. व्हॉल्व्हला हात लावणार नाहीत, ते वेगळंच.

चौथा पर्याय सुरक्षा रक्षक मंडळाचा. महाराष्ट्राच्या 1981 च्या कायद्याखाली गार्डची नोंदणी मंडळाकडे असते आणि वेतन व लेव्ही (वेतनावर द्यायची जादा रक्कम) मंडळात भरायची. कारखाना, कार्यालय, हॉस्पिटल असेल तर तिथेच आधी चौकशी करा. आम्ही त्या वाटेला गेलो नाही, म्हणून जास्त बोलत नाही.

माझं मत विचाराल तर 20-25 फ्लॅटची एकच इमारत असेल तर काकांसारखा माणूस घ्या, फक्त त्याच्या हातातली दळणाची पिशवी काढून घ्या. शंभराच्या आसपास फ्लॅट असतील तर एजन्सी, पण माणूस आधी गेटवर तासभर उभा करून बघा, संध्याकाळी 7 ला. एखाद्या अनोळखी पाहुण्याला ‘चेअरमनचा भाचा’ म्हणून पाठवा. गार्ड सलाम ठोकतो, अंगावर जातो, की ‘बसा सर, वर फोन लावतो’ म्हणतो? तिसरा ठेवा. आवाज न चढवता थांबवता येणं हा गुण मी उंची, मिशी, शिक्षण सगळ्याच्या वर धरतो. कामवाल्या बायकांच्या पिशव्या तपासायचा आग्रह असेल, तर त्या पाळीला बाई गार्ड हवीच.

आम्ही शेवटी एजन्सी बदलली, 8 तासांची ड्युटी लिहून घेतली आणि हवालदारसाहेबांना गेटवरून काढून रात्रीचे सुपरवायझर केलं. मेंटेनन्स फ्लॅटमागे वाढला, सभेत आरडाओरडा झाला, ठराव पास झाला. केबिनमध्ये पंखा बसवायचा ठराव मात्र पुढच्या सभेवर ढकललाय.